आप्पांचं बोर्डाचं कार्ड आणि पुतण्याचा 'ब्रेक'

खाडीकाठ (घणसोली)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, पण परवा रात्री जे झालं त्यानंतर राहवेना.

माझा पुतण्या आयटीआय फिटर. दोन वर्षांपासून ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत लागलाय. परवा साडेनऊला घरी आला, बूटही न काढता सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "काका, सोमवारपासून ब्रेक." एमआयडीसीत काम केलेल्याला ब्रेक म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. सात-साडेसात महिने झाले की माणसाला घरी बसवतात. महिनाभराने परत बोलावतात, फक्त कंत्राटदाराचं नाव बदललेलं असतं. माणूस तोच, मशीन तेच, शिफ्टही तीच बारा तासांची. वर्षात 240 दिवस भरले की कायद्याने सलग सेवा धरली जाते, मग काढताना महिन्याची नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते. म्हणून 240 भरूच द्यायचे नाहीत.

त्याच्या मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडून बघितलं. पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला 12 टक्के कापलेले आहेत. पासबुकात शेवटचे चार महिने कोरे. पोरगा माझ्याकडे बघत होता, मी स्क्रीनकडे. काय बोलणार?

आता गंमत नाही, गंभीरपणे विचारतो. हा मुलगा बेरोजगार आहे का? सरकारी पाहणीप्रमाणे नाही. 2023-24 च्या श्रमबल पाहणीत देशाचा बेरोजगारीचा दर 3.2 टक्के होता. 2017-18 ला तोच 6.1 होता. आकडा निम्म्यावर आला, चांगलंच आहे. पण त्याच पाहणीत आठवड्याचा हिशोब करतात तेव्हा सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं, तरी माणूस रोजगारात धरतात. जगभर हीच पद्धत आहे, आकडे एकमेकांशी ताडून बघायला ती लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ब्रेकवर असताना पुतण्या दोन दिवस मित्राच्या बाइकवर पार्सलं टाकायला गेला, की तो त्या आठवड्यात 'रोजगारात'. जगात जवळपास 200 कोटी माणसं अशी आहेत, की ती काम करतात पण त्यांच्या कामाला ना करार, ना रजा, ना म्हातारपणाची सोय. कामकरी जगाचा हा निम्म्याहून मोठा हिस्सा आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे तेव्हाचे प्रमुख हुआन सोमाविया यांनी 1999 मध्ये यासाठी एक कल्पना मांडली. नुसतं काम मिळून भागत नाही, कामावर हक्क हवेत, आजारपण-म्हातारपणाला आधार हवा आणि मालकाशी बोलायला जागा हवी. सरकारी मराठीत त्याला 'सन्मानजनक काम' म्हणतात. आपल्याकडे शब्द आधीपासून आहे. गावाकडून फोन आला की आत्या विचारते, "पोराला धड नोकरी लागली का?" त्या 'धड'मध्ये हे सगळं येतं.

आणि धड काम मी घरात बघितलंय. माझे वडील, आप्पा, पाटण तालुक्यातून 1967 साली मुंबईला आले आणि मस्जिद बंदरला पाठीवर गोण्या वाहायला लागले. क्विंटलची गोणी, डोक्यावर टॉवेलची चुंबळ. ज्या दिवशी पाठ धरली त्या दिवशी पैसे नाहीत. रात्री दुकानाच्या फळीवर झोप. मग 1969 मध्ये ओझी वाहणाऱ्यांसाठी माथाडी कायदा झाला. माथाड्यांचे पुढारी अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेला शांततेचं नोबेल मिळालं तेही त्याच वर्षी.

कायद्याची युक्ती एवढी साधी की आजही मला नवल वाटतं. हमालाचा मालक कोण? सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. कुणीच मालक नाही म्हणून कुणीच जबाबदार नाही. कायद्याने मध्ये एक मंडळ बसवलं. हमालांच्या टोळीची नोंद मंडळात, म्हणजे बोर्डात. व्यापारी मजुरी मंडळात भरणार आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही भरणार. मंडळ महिन्याला पगार देणार आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्टी, दवाखाना. गाळे कितीही बदलले तरी आप्पांचं खातं एकच. बाजार वाशीला आला तेव्हा खातंही आलं. त्यांच्या ग्रॅच्युइटीच्या पैशांत माझ्या बहिणीचं लग्न झालं. कोपरखैरण्याच्या माथाडी हॉस्पिटलात आईचं ऑपरेशन झालं. बोर्डाचं ते कार्ड अजून आप्पांच्या पेटीत आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं.

सातवी शिकलेल्या हमालाला 1969 च्या कायद्याने जे मिळालं ते आयटीआय झालेल्या त्याच्या नातवाला आज मिळत नाही. का? लेव्ही कामावर आणि खातं माणसाच्या नावावर, ही रीत नाक्यावर रोजच्या कामाची वाट बघणारे कामगार, घरकामाच्या बाया, पार्सलवाली पोरं, कंत्राटी फिटर या सगळ्यांना का लावू नये? तुमची मतं हवीत. विरोधातली सुद्धा.

---

चरई

मत नंतर देते, आधी पुतण्याचं बघू. मी वीस वर्षं पेरोलचं काम केलंय.

एक, सगळ्या पगार स्लिपा, हजेरीचे फोटो, गेटपास जपून ठेवायला सांगा. गेटपासवर बहुतेक वेळा कारखान्याचं नाव असतं, तो सगळ्यात मोठा पुरावा. दोन, पीएफ कंत्राटदाराने भरला नाही तर जबाबदारी मूळ कारखान्यावर येते, पगाराचंही तसंच. पीएफ कार्यालयात तक्रार ऑनलाइन करता येते आणि ती करताना कंत्राटदाराबरोबर कारखान्याचंही नाव लिहा, तिथेच लोक चुकतात. तीन, यूएएन म्हणजे पीएफचा नंबर एकच हवा. प्रत्येक नवा कंत्राटदार नवा नंबर काढत असेल तर आधीचे पैसे विखुरतात, नंतर जोडताना दमछाक होते. चार, पगार 21,000 च्या आत असेल तर ईएसआयसी, म्हणजे सरकारी आजारपणाचा विमा, कापलं जातंय का आणि कार्ड चालतंय का, हे आजारी पडायच्या आधी बघा.

आणि नेमणूक पत्र मागा. कामगारांच्या जुन्या कायद्यांच्या जागी आलेल्या चारही श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्यात, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायला सांगितलंय. देणार नाहीत म्हणाले तर 'देणार नाही' हेसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी येऊ द्या.

खाडीकाठ

चरईताई, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद त्याला लगेच पाठवला. गेटपासचा फोटो त्याच्याकडे आहे.

---

कांदाबटाटा गल्ली

विरोधातलं मत मागितलंत म्हणून लिहितो. आमचा तीन पिढ्यांचा धंदा आहे, मार्केटात गाळा आहे.

तुमच्या आप्पांसारखी माणसं मी बघितलीयत. त्यांच्या जिवावर हा बाजार उभा राहिला, हे मी कुठेही सांगेन. पण आमची बाजूही ऐका. पहाटे तीनला गाडी लागते, टोळी दुसऱ्या गाडीवर असेल तर माल गाडीतच तापतो. माझ्या पोराने बाहेरून माणूस आणलेला चालत नाही. हमाली, वाराई, तोलाई, वर लेव्ही, हे सगळं शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशोबात, नाहीतर गिऱ्हाइकाच्या भावात येतं. आणि मार्केटच्या बाहेर, एमआयडीसीत, माथाडीचं नाव घेऊन गाडी अडवणारे लोक आहेत. गोणीला हात न लावता पैसे मागतात. खऱ्या माथाडीचं नाव त्यांनीच खराब केलं.

कारखानदार इथून निघून जातो त्याचं हेही एक कारण आहे. जिथे कामच राहणार नाही तिथे धड काम कुठून येणार?

खाडीकाठ

शेठ, तुम्ही म्हणता ते खोटं नाही. बोगस माथाड्यांचा आप्पांना तुमच्याहून जास्त राग आहे. मी काल त्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाले, "गोणी न उचलता जो पैसे घेतो तो आमचा नव्हे." 2023 ला कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आलं तेव्हा माथाडींनी विरोध केला. गुंडांना आवरताना खऱ्याचंच संरक्षण जाईल, ही त्यांना धास्ती होती. गुंडाला पोलिसांनी पकडावं, मंडळाला हात लावू नये, एवढंच आमचं म्हणणं.

बाहेरच्या माणसाचा प्रश्न मात्र खरा आहे. टोळीत शिरायची वाट बंद झाली की आतल्याचं भलं होतं आणि बाहेरचा बाहेरच राहतो. आमच्या चाळीतली दोन पोरं वर्षानुवर्षं बदली म्हणून राबली, त्यांचं नाव काही लागलं नाही. मी जी रीत म्हणतोय त्यात नोंदणी सगळ्यांना खुली हवी, मक्तेदारी नको. लेव्ही आणि खातं, एवढंच उचलायचं.

आणि भावाचं म्हणाल तर एक गोष्ट. क्विंटलची गोणी पन्नास किलोवर यावी म्हणून माथाडींनी काम बंद ठेवलं तेव्हाही बाजार बुडेल असं म्हणत होते. बाजार चालू आहे आणि आज पन्नाशीतला हमाल सरळ चालतो. आप्पांच्या बरोबरीचे किती जण वाकलेत ते तुम्ही बघितलंयत.

कांदाबटाटा गल्ली

हो, ते बघितलंय. गोणीच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे.

---

येऊर

धागा वाचतोय. मला वाटतं आपण दुसऱ्या पायरीवर भांडतोय, पहिलीच पायरी निसटलीय. कामंच कमी झालीत. 1962 ला एमआयडीसी निघाली आणि वागळे इस्टेटला सुरुवात झाली. शिफ्ट सुटली की रस्ता सायकलींनी भरायचा, असं बाबा सांगतात. पोखरण रोडवर जिथे भोंगे वाजायचे तिथे आता टॉवर आहेत. रबाळे, महापे, ऐरोलीला डेटा सेंटरं उभी राहतायत. इमारत केवढी, वीज केवढी, पण एकदा उभी राहिली की आत माणसं किती? थोडे इंजिनिअर, वॉचमन, साफसफाईवाले. त्या जागेवरच्या जुन्या कारखान्यात पाचशे माणसं असायची. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि आमच्याकडेही यंदा नवीन पोरं घेतली नाहीत.

मीठबंदर रोड

येऊर, तुमच्या पहिल्या पायरीबद्दल एक जुनी गोष्ट सांगतो. मी निवृत्त शिक्षक.

तुमच्या पगाराच्या स्लिपवर 'व्यवसाय कर 200' असं दिसतं ना? फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. तो कर महाराष्ट्राने 1975 मध्ये कशासाठी बसवला, हे आजच्या पोरांना माहीत नसतं. तो रोजगार हमीसाठी होता. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्याआधीच त्यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग करून बघितला होता. मागेल त्याला काम. खडी, बांधबंदिस्ती, पाझर तलाव. प्रश्न पडला पैसे कुठून आणायचे, तर शहरात ज्याला नोकरी आहे त्याने थोडं द्यायचं आणि तेवढीच भर सरकारने घालायची. 1977 ला कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू. काम मागणं हा हक्क झाला. देशाने तो धडा 2005 मध्ये घेतला आणि घरटी वर्षाला 100 दिवसांचा कायदा केला.

तेव्हा हमी गावाला मिळाली, कारण दुष्काळ गावात होता. आज वागळे इस्टेटातल्या कारखान्याला कुलूप लागलं की तो दुष्काळ शहरातला. त्याला हमी नाही. मला तरी इथे काम निघू शकतं असं दिसतं. खाडीचा गाळ, तिवरांची राखण, नाले, म्हाताऱ्यांची शुश्रूषा, शाळेतल्या प्रयोगशाळा. काम आहे, काम मागायला खिडकी नाही.

येऊर

सर, दहा वर्षं ते 200 रुपये कापले जातायत. आज पहिल्यांदा कळलं ते कशासाठी सुरू झाले.

---

नेकारकाठ

मूळचा ठाण्याचा, आता बारा वर्षं जर्मनीत स्टुटगार्टजवळ. इथल्या दोन गोष्टी सांगतो, फुशारकी म्हणून नाही.

पहिली, शिकाऊ पोरं. इथे दहावीनंतरचा मुलगा मेकॅट्रॉनिक्स शिकतो तो साडेतीन वर्षं. आठवड्यातले तीनेक दिवस कंपनीत, उरलेले शाळेत, आणि पहिल्या महिन्यापासून कंपनी पगार देते. त्याच्याशी लेखी करार असतो. आमच्या कंपनीत अशा पोरांना शिकवणारा वेगळा उस्ताद आहे. त्याला उत्पादनाचं टार्गेट नाही, शिकवणं हेच त्याचं काम. आपल्याकडे कायदा 1961 पासून आहे, पण मी ठाण्यात अप्रेंटिस होतो तेव्हा मला पहिले चार महिने कुणी मशीनला हात लावू दिला नाही. झाडू मारला, चहा आणला. शिकाऊ म्हणजे स्वस्त मजूर, ही समजूत जोवर जात नाही तोवर सर्टिफिकेटं वाढतील, हात तयार होणार नाहीत.

दुसरी, मंदी. कामं घटली की माणसं काढायची नाहीत, तास कमी करायचे. बुडालेल्या पगाराचा साठ टक्के भाग सरकारी विमा देतो, मूल असेल तर 67 टक्के. एप्रिल 2020 मध्ये जवळपास 60 लाख माणसं अशी कमी तासांवर होती. त्यात मीही होतो. घरी बसलो पण माझा बिल्ला माझ्याकडेच होता. सहा महिन्यांनी त्याच मशीनवर परत गेलो. तुमच्या पुतण्याच्या ब्रेकच्या अगदी उलट.

आता महाराष्ट्र सरकार आणि आमचं हे राज्य, बाडेन-वुर्टेम्बर्ग, यांच्यात कुशल माणसं पाठवायचा करार 2024 ला झालाय. येणाऱ्यांनी भाषा पक्की करून या एवढंच सांगतो. बाहेरच्याची अडवणूक इथेही होते, नियम वाचता आले तर माणूस उभा राहतो.

---

खारीगाव

कुणीतरी बायकांचं लिहावं म्हणून थांबले होते.

माझ्या आईने बावीस वर्षं पाचपाखाडीत चार घरची धुणीभांडी केली. पहाटे कळव्याहून चालत. हाताच्या बोटांच्या पेरांना भेगा, त्यात साबण गेला की रात्री खोबरेल लावून कापडाने बांधायची. खाडा झाला की पैसे कापायचे. बाईसाहेब पंधरा दिवस गावाला गेल्या तरी कापायचे, म्हणजे खाडा त्यांचा आणि कपात हिची. 2020 च्या लॉकडाउनमध्ये चारपैकी दोन घरांनी पगार दिला, दोघांनी फोन उचलला नाही. ज्या दोघांनी दिला त्यांतले एक आजोबा स्वतः पेन्शनवर होते.

घरकामगारांसाठी महाराष्ट्रात 2008 चा कायदा आहे, मंडळ आहे. आईचं कार्डही आहे. 2021 च्या निर्बंधांत नोंदणी असलेल्यांना 1,500 रुपये आले, तेवढा एकदा त्या कार्डाचा उपयोग झाला. माथाडीच्या मंडळात आणि या मंडळात फरक काय, हे तुमचा धागा वाचून मला आज समजलं. लेव्ही. घरमालकांकडून वसुलीची तशी सोयच नाही, मग मंडळ देणार कुठून?

आमच्या सोसायटीच्या वॉचमनचंही बघा. खाजगी सुरक्षारक्षकांसाठी 1981 चा कायदा माथाडीच्याच धर्तीवर झाला, मंडळाचा रक्षक घेतला तर त्याला सगळं मिळतं. पण मीटिंगमध्ये एजन्सीचं कोटेशन स्वस्त पडतं म्हणून आपणच हात वर करतो. दोन माणसं, बारा-बारा तास, महिन्यात एकही सुट्टी नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती 1890 मध्ये. आपल्या गेटवरच्या माणसाला ती अजून पोचली नाही. आणि हे कुण्या भांडवलदाराने केलेलं नाही, आपण केलंय. गेल्या मीटिंगला मीही गप्प बसले होते.

चरई

खारीगाव, शेवटचं वाक्य मलाही लागू आहे. आमच्या सोसायटीचं कोटेशन मीच तपासलं होतं. तिसऱ्या माणसाचा खर्च फ्लॅटमागे किती येतो ते या आठवड्यात काढते.

खाडीकाठ

ताई, तुमच्या प्रतिसादाने माझा विचार स्पष्ट झाला. कायदे आणि मंडळं आपल्याकडे आहेत. जिथे काम देणाऱ्याने पैसे भरणं सक्तीचं आहे तिथे मंडळ जिवंत आहे, जिथे नाही तिथे नुसतं कार्ड. नव्या संहितेत पार्सल आणि टॅक्सीच्या अ‍ॅप कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीच्या 1 ते 2 टक्के कामगारांच्या निधीत भरायचे असं आहे. म्हणजे युक्ती तीच, मस्जिद बंदरची. ती नीट वसूल झाली आणि प्रत्येक पोराच्या खात्यावर दिसली, तर मी म्हणेन सुरुवात झाली.

---

नाक्यावरचा

मी रोज लिहिणारा नाही. तुमच्याच घणसोलीच्या नाक्यावर सकाळी असतो, बिगारी आणि मिस्त्री लोकांचे फॉर्म भरून देतो. पैसे घेत नाही.

बांधकाम कामगारांसाठी तुम्ही म्हणता ती लेव्ही आहेच. 1996 च्या कायद्याने बसवलेला, बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर. नवी मुंबईत एवढे टॉवर झाले, त्या पैशांची कमी नाही. अडतं कुठे ते सांगतो. नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरचा माणूस आज एका ठेकेदाराकडे, परवा दुसऱ्याकडे. सही कोण करणार? ठेकेदार म्हणतो, तू माझ्याकडे तीनच दिवस होतास. मग माणूस पाचशे-हजार देऊन सही विकत घेतो, नाहीतर सोडून देतो. गेल्या पावसाळ्यात आमच्यातला एक जण परांचीवरून पडला, पाय गेला. नोंदणी नव्हती, कारण सही मिळाली नव्हती. अकरा वर्षं बांधकामावर होता.

मी आता वह्या वाटतो. रोज संध्याकाळी तारीख, साइट, ठेकेदाराचा फोन लिहायचा आणि जमलं तर तिथल्या तिथे सही घ्यायची. 90 दिवस एकदम मागितले तर कुणी देत नाही. एकेक दिवसाची सही मुकादम देतो, त्याला त्यात काही जड वाटत नाही. मागच्या वर्षी अशा वह्यांवरून दाखले काढायला मदत झाली. पालिकेचे अधिकारीही दाखला देऊ शकतात, वही दाखवली की ते निदान ऐकून घेतात.

मला दोन माणसं हवीत. रविवारी सकाळी सात ते नऊ. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या वह्या भरायला.

खाडीकाठ

मी येतो. पुतण्यालाही आणतो, तो सध्या मोकळाच आहे आणि अक्षर चांगलं आहे. आप्पा म्हणतायत मलाही खुर्ची टाका. त्यांचं ऐकून माणसं वही भरतील असं त्यांना वाटतं, आणि बरोबर ते कार्डही घेणार आहेत.

येऊर

सातला ठाण्याहून पोचतो. वह्या किती आणू?

नाक्यावरचा

शंभर पानी, साध्या. पन्नास आणा. पेनं माझ्याकडे आहेत.